गल्ल्यावरच्या बाईचा आवाज

२७ जुलै १९५९

ऑगस्टच्या सुट्टीत दुकानात सिनेमा घेऊ द्यायचे रोमचे सिनेमावाले तीन लाख लिरा देणार. औषधांच्या दुकानातला बोल्झोनी म्हणतो, "फुकटचा पैसा, गुएरिनो!" फुकटचा? बसून हिशेब मांडला. फुटतील त्या काचा, वीज, सुट्टीत पहारेकऱ्यांना दुप्पट पगार, संगमरवरी जिना पुन्हा घासून घेणं — दीड लाख तिथेच गेले. बेल्लारियाच्या खोलीची आगाऊ रक्कम बुडाली, ती वेगळी. आणि खोलीसमोरचा समुद्र? बायकोला, दिर्चेला समुद्राची हवा द्या म्हणून डॉक्टर ईस्टरपासून मागे लागलेत. त्याला काय भाव लावणार! तो हिशेबातून सोडला आणि सही केली.

का केली? दारावर पितळी अक्षरांत बोसेली लिहिलंय. ते पडद्यावर दिसेल. जत्रेत हातगाडीवर बटणं विकणाऱ्या पोराचं नाव — अख्ख्या इटलीत!

३० जुलै

दिग्दर्शक दुकान बघून गेला. तान्झी नाव. काळा चष्मा जिन्यातही काढत नाही. त्याची माणसं त्याला 'डॉक्टर' म्हणतात, जन्मात कुणाची नाडी धरली नसेल. गोष्ट सांगितली — हिवाळी सेलचा एक दिवस, तीन मजले, दहा-बारा माणसं. लग्नाचा पोशाख परत करायला आलेली नवरी, पुतळ्याच्या प्रेमात पडलेला लिफ्टवाला, लाकडी पायाचं सोंग करून मोज्याचे अर्धेच पैसे देणारा लफंगा. सगळे थोडे थोडे.

"मग हिरो कोण?" मी विचारलं.

"हिरो तुमचं दुकान, सिन्योर बोसेली."

चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो — कोट नाही, अंग सुंदर आहे तुमचं! धंद्याची युक्ती ओळखली. तरी लागू पडली.

२ ऑगस्ट, रविवार

सकाळी सहाची प्रार्थना. हल्ली आम्ही सहालाच जातो. दहाला सगळं पिआचेन्झा गाव येतं.

पाद्री म्हणतात, लोक लॅटिनमधून उत्तर देतात. दिर्चेही देते. लोकांबरोबर सुरू करते, लोकांबरोबर थांबते, स्वरही तोच. फक्त शब्द — "चार, पाच, सहा." मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. सहालाही!

मागच्या शरद ऋतूत मेंदूत रक्त साकळलं, तेव्हापासून हे असं. उजवा हात लुळा. शब्द सगळे गेले. आकडे तेवढे राहिले. पार्माचे मोठे डॉक्टर म्हणाले, शब्दांचं कपाट जळालं, आकड्यांचं वाचलं, असं होतं. मिलानचे म्हणाले, धीर धरा. दोघांची फी सारखीच.

तीस वर्षं गल्ल्यावर बसलेली बाई. आकडेच राहायचे!

पण मला समजतं. माझे कान पहिल्यापासून तिखट. जत्रेत बाईच्या "कितीला?" वरून ओळखायचो, ही घेणार की नुसती हाताळणार. दिर्चेचे शब्द गेले, चाल राहिली. सकाळी मी तिच्या बुटांची नाडी बांधतो तेव्हा ती मोजते — "एक, दोन, तीन," निवांत, म्हणजे बरं चाललंय. घट्ट बसली की "सात!" सूप खारट झालं की "अकरा, बारा," आणि ताट लांब. चुकून मी अंगावर सांडलं तर वीस-पंचवीसपर्यंत जाते, न थांबता. लग्नानंतरची सगळी भांडणं याच चालीवर झाली आहेत.

लोकांना कुठलं समजायला. ते हसून मान हलवतात आणि तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतात. बाहेर पडताना तिचा हात धरून मी बाजूच्या दारानं निघतो.

१० ऑगस्ट

शटर खाली, गाव सुट्टीला समुद्रावर, आणि आत हिवाळा! माझेच नोकर गिऱ्हाईक झालेत — लोकरी कोट, गळपट्टे, हातमोजे. बाहेर पो नदीसुद्धा आटलीय. दारात मिठाचं बर्फ पसरलंय. हातमोजे विभागाची एल्दा फरच्या कॉलरात घाम पुसत म्हणाली, "मालक, सेलमध्ये खरी गिऱ्हाइकं एवढी तापलेली असती तर आपण मिलानला शाखा काढली असती."

एल्दा इथे, एरवी सोबतीला येणारी तिची बहीण माहेरी, दुकानावरच्या घरी दिर्चेजवळ बसायला कुणी नाही. म्हणून दिर्चेला दुकानात आणली. आत आल्याबरोबर माझा हात सोडला आणि सरळ गल्ल्यावर! आजारानंतर पहिल्यांदाच. काचेच्या त्या खोपट्यात चढून बसली. डाव्या हातानं जुन्या पावत्या सारख्या करू लागली. मी थांबवलं नाही.

११ ऑगस्ट

आज जे ऐकलं त्यावर अजून विश्वास बसत नाही.

नवरीचा प्रसंग. नवरी जिन्यावर उभी, डोळ्यांत खरं पाणी, समोर तिचा बाप. बाप थरथरत्या आवाजात म्हणाला — "एक, दोन, तीन, चार, पाच." नवरी हुंदका देऊन — "सहा, सात!"

मी तान्झीकडे बघितलं. तो समाधानानं मान डोलवत होता!

आवाजाच्या यंत्रापाशी नांदो म्हणून एक रोमचा माणूस बसतो, कानांवर डबड्या लावून. त्याला विचारलं. म्हणाला, "संवाद रात्री बदलले. पाठ कोण करणार? तोंड हललं म्हणजे झालं. आवाज नंतर रोमला भरतात, दुसऱ्याच माणसांचे."

"म्हणजे हा रडणारा बाप—"

"त्याचा आवाज वेगळाच कुणीतरी देणार. ह्याला गावठी हेल आहे. आमच्याकडे सगळे असंच करतात, साहेब. तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा."

हसू आलं आणि मग हसू थांबलं. वळून गल्ल्याकडे पाहिलं. दिर्चे पावत्या सोडून उभी राहिली होती. काचेला हात टेकून ऐकत होती.

१२ ऑगस्ट

लिहून ठेवतो, म्हणजे राहील.

लाकडी पायाचं सोंग करणारा तो गोल नट — गाल्व्हानी — गल्ल्यासमोर नुसती तालीम करत होता. गल्ल्यावर रोमची नटी अजून आली नव्हती, दिर्चेच बसलेली. त्यानं टोपी काढली, लंगडत आला, एक मोजा पुढे ठेवला आणि लाडीगोडी लावत म्हणाला, "एक, दोन, तीन?"

दिर्चेनं मोजा उचलला. उलटा केला. त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे. "चार," म्हणाली. मुळीच फसत नसल्यासारखी.

गाल्व्हानी चपापला. मग हात जोडून, "पाच, सहा, सात..."

"आठ! नऊ! दहा!" आणि मोजा त्याच्या अंगावर!

सगळं दुकान हसलं. तिला नव्हे — तिच्याबरोबर. एल्दाच्या डोळ्यांतून पाणी. गाल्व्हानी वाकून म्हणाला, "बाई, तुमच्यापुढे माझं काही चालायचं नाही." आणि दिर्चे हसली. मोठ्यानं, दात दिसतील अशी. त्या आजारानंतर मी ते हसणं विसरलोच होतो. दुपारभर दोघांचं चाललं होतं. तो बत्तीस म्हणाला की ही तेहतीस. काय बोलत होते कोण जाणे, पण बोलत होते.

घरी येताना ती पुढे, मी मागे.

१३ ऑगस्ट

रोमची नटी फरच्या कोटात चक्कर येऊन पडली. इस्पितळात. तान्झी डोकं धरून बसला, मग त्याची नजर गल्ल्यावर गेली. "ती चालेल. तोच चेहरा हवा."

मी म्हटलं, "ती बोलत नाही."

"इथे कोण बोलतंय?"

मी गप्प राहिलो. सौदा करताना पहिल्यांदा गप्प राहायचं, हे बटणं विकताना शिकलो. तान्झीला वाटलं मी पैसे मागणार. मी म्हटलं, एक लिरा नको. पण तिच्या तोंडी काय घालायचं ते मी सांगणार.

त्याच्याकडचं एक वाक्य होतं — लफंग्याला ती म्हणते, "दुसरा पाय घेऊन या, मग बघू." ते ठेवलं. चांगलं आहे, दिर्चेही तसंच म्हणाली असती. शेवटचं वाक्य माझं. दुकान रिकामं, दिवे जाताहेत, आणि गल्ल्यावरची बाई आत कुणालातरी हाक मारते — "बटण्या, पुरे आता. दिवे मालव, घरी चल."

"हा बटण्या कोण?" तान्झीनं विचारलं.

"दुकानाचा मालक. दिसला नाही तरी चालेल."

तीस वर्षं रोज संध्याकाळी हेच वाक्य ऐकलं. बटण्या म्हणणारी जगात ती एकटीच. तान्झीनं काळा चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, परत लावला. "ठेवू," म्हणाला. "सिनेमा तिथेच संपवू."

आवाज कसा हवा तेही सांगितलं — जाडसर, किंचित घोगरा, आमच्याकडचा घशातला 'र'. "होईल, होईल," म्हणाला.

१४ ऑगस्ट

मोज्याचं दृश्य सकाळीच झालं, मग तिचं शेवटचं घेतलं.

तान्झीनं तिला समजावलं, नऊपर्यंत मोजायचं, तेवढ्यात वाक्य बसतं. दिवे एकेक करून घालवले. दिर्चे गल्ल्यावर. मी कॅमेऱ्याच्या मागे, तिनं बघायचं माझ्याकडे. पेटी बंद केली, शाल ओढली, मान वळवली. "एक, दोन, तीन... चार, पाच..." थकलेली, थोडी चिडलेली, शेवटी मऊ. अगदी ती! रोजची चाल. नऊला तान्झी ओरडला, "थांबा, झालं!"

ती थांबली नाही. "दहा, अकरा, बारा." माझ्याकडेच बघत. आवाज खाली खाली येत गेला. सतरा, अठरा. कुणी हललं नाही. एकोणीसला थांबली, हात पुढे केला, मी जाऊन तिला उतरवून घेतलं.

यंत्र आवरताना नांदोनं मला बाजूला घेतलं. "साहेब, हा आवाज तिकडे फक्त अंदाजाला वापरतात. रोमला काम झालं की फीत पुसून टाकतात. बाईंची फीत मागे ठेवू का तुमच्यासाठी? कुणाला कळणार नाही."

चांगला माणूस. मी हसून म्हटलं, "आकडे मी घरी रोज ऐकतो, बाबा. मला शब्द हवेत."

१५ ऑगस्ट

सुट्टी. थंड कलिंगड, मांसाचे पातळ काप. दिर्चे कलिंगडाच्या बिया मोजत बसली, खुशीत.

२० सप्टेंबर

चौकातल्या कॅफेत बोल्झोनी, नोटरी, सगळे. बोल्झोनीनं टोमणा मारला, "काय रे, नट झालास म्हणे. बायकोलाही नटी केलंस?"

मी पेला खाली ठेवला. "पार्माचे डॉक्टर झाले, मिलानचे झाले, सगळ्यांनी हात टेकले. तुझ्या बाटल्यांनी काही झालं नाही. मी दिर्चेला बोलती करणार आहे. गुएरिनो बोसेली! सगळं गाव ऐकेल. तूसुद्धा पहिल्या रांगेत बसून ऐक."

कुणी हसलं नाही. नोटरीनं सगळ्यांसाठी वाइन मागवली.

१३ डिसेंबर

सांता लुचियाचा दिवस. ही संत रात्री गाढवावरून येऊन मुलांना खेळणी वाटून जाते म्हणे. मुलं मजेत, दुकानात खेळण्यांच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नाही. धुकं इतकं की समोरचं चर्च नाहीसं झालं. दिर्चे खिडकीशी बसून खालच्या छत्र्या मोजत होती. मी जेवायला आलो तर माझं बोट धरून "एक" म्हणाली आणि धरून ठेवलं.

तान्झीचं पत्र नाही. आवाज भरला असेल का?

१२ मार्च १९६०, शनिवार

आज गावात सिनेमा दाखवला.

सगळे नोकर, त्यांची माणसं, नगराध्यक्ष, बोल्झोनी खरंच पहिल्या रांगेत. दिर्चेला निळा कोट घातला, केस एल्दानं बसवले. आम्ही मधोमध.

दारावरचं नाव आलं! अर्धंच. 'सेली' तेवढं. एल्दा कानात म्हणाली, "बाकीचं उधार, मालक." पण लोक हसत होते, खूप हसत होते. नवरीच्या बापाला भारदस्त आवाज मिळालाय, राजासारखा.

मग गाल्व्हानी लंगडत गल्ल्याशी आला. दिर्चे एवढी मोठी! भिंतभर! माझा हात तिच्या हातावर. तिनं मोजा उचलला, पायाकडे पाहिलं, ओठ हलले —

"दुसरा पाय घेऊन या, मग बघू."

गोड, स्वच्छ, रोमचा आवाज. तिशीतल्या बाईचा. घोगरा नाही, घशातला 'र' नाही. पण शब्द! एकेक शब्द तिच्या ओठांवर नीट बसलेला! थिएटर टाळ्यांनी दणाणलं. "शाब्बास मालकीणबाई!" लोक वळून वळून तिच्याकडे बघत होते.

दिर्चेनं मागे वळून पाहिलं. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला. कोण बोललं ते शोधत होती.

आणि शेवट. दिवे गेले, तिनं मान वळवली. "बटण्या, पुरे आता. दिवे मालव, घरी चल." ऐकलं मी! रडलो, लाज कसली. बोल्झोनी उठून आला, माझा हात दोन्ही हातांत धरला.

दिर्चे पडद्याकडेच बघत होती. पडदा पांढरा झाला तरी. डावा हात तोंडावर.

१३ मार्च, रविवार

आज दहाची प्रार्थना! मधल्या दारानं, मधल्या ओळीतून. नगराध्यक्षांच्या बायकोनं दिर्चेला जवळ घेतलं. पायऱ्यांवर पोरं ओरडत होती — "बटण्या, घरी चल!" मी टोपी उंचावली.

प्रार्थनेत लोकांनी उत्तरं दिली, दिर्चे गप्प. एकही आकडा नाही. सगळ्यांसमोर! मला बरं वाटलं. शहाणी, म्हटलं मनात.

१४ मार्च

सकाळी बुटांची नाडी बांधली. काही म्हणाली नाही. थकली असेल.

१६ मार्च

गिऱ्हाइकं नुसती गल्ला बघायला येतात. विक्री बरी. एल्दा दुपारी वर जाऊन आली. "मालक, मालकीणबाई मोजत नाहीत."

"माहीत आहे. दमल्या आहेत."

"दमल्या नाहीत. मी सूप सांडलं त्यांच्या अंगावर. मुद्दाम."

"मग?"

"पुसून घेतलं. डाव्या हातानं. माझ्याकडे बघितलंही नाही."

मी रागावलो. म्हटलं, असले प्रयोग करायला पगार देत नाही तुला. एल्दा हातमोज्यांकडे निघून गेली. मी वर गेलो. दिर्चे खिडकीशी, बाहेर भरपूर माणसं.

१९ मार्च

नाडी घट्ट बांधली. फार घट्ट, पाय दुखावा अशी. वाट बघितली. तिनं पाय मागे घेतला नाही, तोंड उघडलं नाही. मीच "एक" म्हटलं. "दोन" म्हटलं. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं — परक्या माणसाच्या ओठांकडे बघावं तसं — आणि मान फिरवली.

नाडी सोडून पुन्हा सैल बांधली.

खालून कुणीतरी ओरडत गेलं, दिवे मालव. खिडकी लावून घेतली.

२१ मार्च

गाल्व्हानीला रोमला फोन लावला. सगळं सांगितलं. लगेच म्हणाला, द्या त्यांच्याजवळ. तिच्या कानाशी धरलं. तिकडून तो, तीच लाडीगोडी — "एक, दोन, तीन? बाई? एक, दोन, तीन?"

तिनं ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग डाव्या हातानं फोन माझ्याकडे दिला, हळूच.

२३ मार्च

पार्माचे डॉक्टर तपासून गेले. नवा झटका नाही. जीभ ठीक, घसा ठीक. "पूर्वीइतकं बोलता यायला हवं त्यांना," म्हणाले.

दिर्चे बोलत नाही.